कर्णनाद आणि मनाची स्वस्थता



कपाशीच्या हंगामांत आपल्या यवतमाळ जिल्ह्यांतील जिनिंग कारखान्यांचा घरघराट अखंड चालूं असतो. तेथें वर्षानुवर्षें राबणार्‍यास घरीं परतल्यावर, चोहोंकडे सामसूम असतांहि, कानांत किणकिण ऐकूं येऊं शकते. उतारवयांत तर यंत्राजवळ कधीं न गेलेल्यासहि ती जडते. सुश्रुतसंहितेंत सांगितलेल्या २८ कर्णरोगांत या कर्णनादाची गणना आहे.

कानांतील सूक्ष्म पेशी झिजल्या म्हणजे मेंदूस पोंचणारे संदेश उणावतात. ती उणीव भरून काढण्यासाठीं मेंदू आपली ग्रहणशक्ति ताणतो आणि त्यांतून हा नाद उद्भवतो, असें शास्त्रज्ञ मानतात. १९५३ सालीं हेलर व बर्गमन या अमेरिकन संशोधकांनीं चांगलें ऐकूं येणार्‍या ८० व्यक्तींस नि:शब्द खोलींत बसविलें, तेव्हां ९४ टक्के लोकांस कांहीं ना कांहीं ध्वनि ऐकूं आला. तात्पर्य, नाद पुष्कळांपाशीं असतो. त्याचा जाच वाढतो तो भीतीमुळें. "हें वेडाचें तर लक्षण नव्हे?" या शंकेनें मन कानाशीं पहारा करूं लागतें आणि झोंप उडते. वर्गांतील खोडकर मुलाकडे गुरुजी जितके डोळे वटारतात, तितका तो चेकाळतो. तसेंच हें आहे.

म्हणून येथें मानसोपचार उपयोगी पडतो. तज्ज्ञ रुग्णाच्या भयाची छाननी त्याच्याकडूनच करवितो. अशा उपचारानें कर्णनादाचा जाच कमी होऊं शकतो, असें २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या २८ चाचण्यांच्या आढाव्यांत दिसून आलें. लंडन येथें ७५ रुग्णांवर झालेल्या व २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या चाचणींत नुसतें अंग सैल सोडण्यापेक्षां सजगतेच्या ध्यानाचा गुण अधिक आला. नाद हांकलणें हा या ध्यानाचा हेतु नव्हे. श्वासाकडे लक्ष द्यावें, नाद जाणवल्यास 'आहे' एवढेंच म्हणावें आणि पुन: श्वासाकडे वळावें. रात्रीं पंख्याची वा रेडिओची मंद सोबत असूं द्यावी.

मात्र यास योग्यांचा अनाहत नाद समजून वैद्यास टाळूं नये. कानांत ऊन तेलहि ओतूं नये. नाद एकाच कानांत असेल, नाडीच्या ठेक्यावर वाजत असेल वा एकाएकीं बहिरेपण आलें असेल, तर यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत किंवा जवळच्या कर्णतज्ज्ञाकडे तत्काळ जावें. जगणें नकोसें वाटूं लागल्यास १४४१६ या सरकारी 'टेलिमानस' क्रमांकावर बोलावें. त्यांत लाज नाहीं.

नाद पुरता जाईल, असें वचन कोणी देऊं शकत नाहीं. परंतु तो असतांहि स्वस्थ निजतां येतें, हें मात्र खरें.