गोडाची ओढ

साखर बेताने खावी, हे सांगण्यासाठी आज कोणा डॉक्टरची आवश्यकता राहिलेली नाही. ते सर्वांना ठाऊक आहे. आणि ज्याला ते सर्वांत अधिक ठाऊक असते, तोच पुष्कळदा रात्रीचे जेवण झाल्यावर स्वयंपाकघरातील डबे उघडून पाहत असतो. घरची मंडळी अशा माणसाला जिभेचा लोभी म्हणतात आणि तो स्वतःला मनाचा दुबळा समजतो. दोन्ही निदाने बहुतांशी चुकीची आहेत. गोडाची ओढ बहुधा ठरलेल्या वेळी येते, आणि तिचे कारण आधीच्या चार-सहा तासांत पोटात काय गेले व काय गेले नाही, यात पुष्कळदा सापडते. ते कारण हाती आले तर ती ओढ आवरणे पुष्कळच सोपे होते, आणि त्यासाठी लागणारे पदार्थ कोणत्याही आठवड्याच्या बाजारात मिळतात.

प्रश्न किरकोळ नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. राज्यवार आकड्यांत गोवा सर्वांत वर होता: २६.४ टक्के, म्हणजे दर चार प्रौढांमागे एकाहून अधिक. याचा सगळा दोष साखरेच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. आनुवंशिकता आहे, वाढलेला कमरेचा घेर आहे, बैठे काम आहे, ताटातील भाताचा व मैद्याचा वाटाही आहे. परंतु या सर्वांत सहज हात घालता येईल अशी गोष्ट साखर हीच होय.

प्रत्येक गावाला आपल्या गोडाचा अभिमान असतो. गोव्याला दोदोल आणि बिबिंका, बेळगावला कुंदा, इंदूरला पोह्यांच्या जोडीची जिलेबी, ग्वाल्हेरला थंडीतली गजक. या पदार्थांवर रोष धरण्याचे कारण नाही. कुंदा कोणी रोज खात नाही. रोज खाल्ली जाते ती मोजदादीत न येणारी साखर. चहाच्या एका सपाट चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते, आणि आपल्याकडे चमचा सपाट भरण्याची रीत नाही. तो शीग लावूनच भरला जातो. सपाट चमचा धरला तरी दोन चमच्यांचे चार कप म्हणजे ३२ ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सल्ल्यानुसार प्रौढाने दिवसाकाठी वरून घातलेली साखर सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत ठेवल्यास अधिक बरे. म्हणजे एक मिठाईचा तुकडाही न खाता, केवळ चहाच्या कपांतून, दुसरी मर्यादा ओलांडली जाते. त्यात दुपारी ३०० मिलिलिटरची शीतपेयाची बाटली आली की आणखी सुमारे ३० ग्रॅमची भर पडते.

आता ओढीच्या वेळा पाहाव्यात. पहिली वेळ सकाळी अकराच्या सुमाराची. ज्याची न्याहारी चहा आणि बिस्किटे, किंवा चहा आणि पाव एवढीच झाली आहे, त्याला ती हटकून गाठते. मैदा आणि साखर यांचे पचन झपाट्याने होते. रक्तातील साखर भरभर चढते, तिला आवरण्यासाठी इन्शुलिन स्रवते, आणि दोन-तीन तासांनी साखर खाली येताना काहींच्या बाबतीत ती गरजेपेक्षा खाली घसरते. शरीर तेव्हा जे मागते ते ताबडतोब मिळणारे इंधन असते, आणि माणूस त्याला ‘काहीतरी गोड हवे’ असे नाव देतो. यावरचा उपाय अकरा वाजता करावयाचा नसून आठ वाजता करावयाचा आहे. ज्वारीची किंवा नाचणीची भाकरी आणि त्याबरोबर मटकीची उसळ, दोन अंडी, वाटीभर दही, मुगाचे धिरडे, गोवेकरांच्या घरी पावाबरोबर अळसांद्यांचे किंवा वाटाण्याचे तोणाक, यांपैकी काहीही चालेल. प्रथिने आणि चोथा असलेले अन्न पोटात सावकाश पुढे सरकते, आणि अकराची वेळ बहुधा आली तशी निघून जाते. त्यातूनही काही लागलेच, तर मूठभर फुटाणे चावून खावेत. चावण्याला येथे महत्त्व आहे. बिस्किट चहात बुडवून न चावताच गिळले जाते.

दुसरी वेळ दुपारी चारची, आणि ती खरी कसोटीची. दिवस निम्म्याहून अधिक संपलेला असतो, काम उरलेले असते, आणि चहाबरोबर काहीतरी घेण्याची सवय वर्षानुवर्षांची असते. ही वेळ शाळेच्या फाटकापाशी जशी पाहावयास मिळते तशी अन्यत्र क्वचितच मिळेल. पूर्वी तेथे टोपली घेऊन बसणाऱ्या बायका पेरू चिरून, त्याला तिखटमीठ लावून देत; बोरे, चिंचा, आवळे, उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा असत. आज त्या जागी चकचकीत पुड्या लोंबत असतात. पैसे तेवढेच किंवा अधिक जातात, आणि पोटात साखर व मैदा यांखेरीज फारसे काही पडत नाही. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला जी मुले पेंगतात, त्यांनी दुपारी काय खाल्ले याची चौकशी करून पाहण्यासारखी आहे.

त्या टोपलीतील प्रत्येक वस्तू अजून मिळते. शंभर ग्रॅम पेरूत सुमारे ५ ग्रॅम चोथा असतो आणि संत्र्याच्या कितीतरी पट ‘क’ जीवनसत्त्व असते. तो गोड लागतो, पण त्याची साखर सावकाश मिळते. भुईमुगात निम्मा भाग स्निग्धांश आणि चौथा भाग प्रथिने आहेत, म्हणून मूठभर शेंगांनी पोट धरते. त्याहून अधिक मात्र नको, कारण उष्मांकही तितकेच आहेत. ओल्या खोबऱ्याचा तुकडा सावकाश चावला तर त्याचा अंगचा गोडवा चांगला कळतो. मयड्याच्या केळ्यांसारखे मोठे केळे असेल तर ते अर्धे खावे, आणि त्याबरोबर थोडे दाणे घ्यावेत. खजूरही चालेल, परंतु मोजून: वाळलेल्या खजुराचा सुमारे दोनतृतीयांश भाग साखरच असतो. दोन बिया खाऊन डबा बंद करता येत असेल त्याने खजूर घरात ठेवावा. येत नसेल त्याने पेरूच बरा.

आवळ्याची गंमत मुलांनाही ठाऊक असते. आवळा खाऊन वर पाणी प्यायले की पाणी गोड लागते. साखरेचा कणही न खाता जिभेला गोडाचे समाधान देण्याची ही युक्ती जेवणानंतरच्या ओढीवर, म्हणजे तिसऱ्या वेळेवर, फार उपयोगी पडते. बडीशेपेचेही तसेच आहे. तिच्यातील सुगंधी तेलाचा मुख्य घटक स्वभावतःच गोड आहे, म्हणून जेवणानंतर चिमूटभर बडीशेप देण्याची प्रथा विचारपूर्वक पडली असावी असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ती साधी, भाजलेली असावी. हॉटेलांतून तिच्यावर रंगीत साखरेचे पूट चढवून देतात, तेव्हा प्रथेचा हेतूच उलटा होतो. ज्येष्ठमधाची काडीही गोड लागते, परंतु ती रोज व पुष्कळ चघळल्यास रक्तदाब वाढतो. रक्तदाबाच्या रोग्याने तिच्या वाटेस जाऊ नये. गुडमार नावाच्या वेलीचे पान चावले तर काही काळ जिभेला गोड कळतच नाही आणि साखर वाळूसारखी लागते. गोष्ट खरी आहे, पण रोजच्या संसारात तिचा उपयोग थोडा, आणि मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्याने डॉक्टरांस विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

आता गुळाविषयी. साखर सोडली असे सांगणाऱ्या दहा घरांपैकी पुष्कळ घरांत प्रत्यक्षात चहात गूळ पडत असतो, आणि ‘गूळ नैसर्गिक आहे’ या एका वाक्यावर सर्वांचे समाधान झालेले असते. गूळ नैसर्गिक आहे यात संशय नाही. ऊसही नैसर्गिकच आहे, आणि साखर त्याच रसाची होते. शंभर ग्रॅम साखरेत सुमारे ४०० उष्मांक असतात, तर गुळात त्याहून किंचित कमी. गुळाचा फार मोठा भाग साखरच आहे. त्यात काही क्षार असतात खरे, परंतु चहातून जेवढा गूळ पोटात जातो तेवढ्यात ते अत्यल्प येतात. माडाच्या गुळाची चव निराळी आणि उत्तम आहे, पण रक्तातील साखरेला चवीतला हा भेद कळत नाही. मधाचे हेच, आणि फळांच्या रसाचेही हेच. वर सांगितलेल्या २५ व ५० ग्रॅमच्या मर्यादेत मध आणि फळांचा रस दोन्ही धरावे लागतात. अखंड फळ धरावे लागत नाही. पेलाभर रसासाठी तीन-चार मोसंबी पिळली जातात, साल व चोथा फेकला जातो, आणि सगळी साखर एका घोटात येते. तीच मोसंबी सोलून खावयास बसले तर दुसऱ्या मोसंबीनंतर हात आपोआप थांबतो.

जिभेची सवय बदलते का, हा प्रश्न उरतो. बदलते, पण घाई केल्याने नव्हे. उपवासकाळाचे चाळीस दिवस चहात साखर न घालणारे ख्रिस्ती कुटुंबांतील लोक, किंवा चातुर्मासात गोड वर्ज्य करणारे हिंदू घरांतील लोक, नेम सुटल्यावरचा पहिला चहा फार गोड लागला असे सांगतात. अमेरिकेतील मोनेल केमिकल सेन्सेस सेंटर या संस्थेतील संशोधकांनी २०१६ साली याच गोष्टीवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांच्या आहारातील साखर तीन महिने बरीच कमी केली, तेव्हा तेच खाद्य त्यांना सुमारे ४० टक्के अधिक गोड भासू लागले. बदल दिसावयास दुसरा महिना उजाडला होता. याच प्रयोगातील दुसरा निष्कर्ष मात्र कमी सांगितला जातो: गोडाची आवड कमी झाली नाही, आणि बंधन सुटताच मंडळी पुन्हा पूर्वीइतकी साखर खाऊ लागली. म्हणून चाळीस दिवसांच्या कडक नेमापेक्षा दर पंधरवड्यास पाव चमचा साखर कमी करणे अधिक टिकते. दोन चमच्यांवरून अर्ध्या चमच्यावर येण्यास तीन महिने लागतात, आणि घरात कोणाच्या लक्षातही येत नाही. चहात आले, वेलदोडा किंवा दालचिनी घातल्यास वास गोडाकडे झुकतो आणि कमी साखर पुरते. पाहुण्यांपुढे साखर वेगळ्या भांड्यात ठेवावी. कितीतरी पाहुणे केवळ संकोचाने गोड चहा पीत असतात.

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या रोग्याला एकाएकी घाम फुटला, हातपाय कापू लागले, भूक खवळली किंवा तो असंबद्ध बोलू लागला, तर ती गोडाची ओढ नव्हे. रक्तातील साखर धोक्याइतकी खाली गेलेली असते. अशा वेळी फुटाणे व पेरू यांचा काही उपयोग नाही. तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि सुधारणा नसेल तर पुन्हा देऊन डॉक्टरांस बोलवावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. त्याला सरळ रुग्णालयात न्यावे. साखरेचा डबा घरातून हद्दपार करणाऱ्या उत्साही मंडळींनी अशा घरात तो अवश्य ठेवावा.

मोठ्यांची जीभ बदलण्यास महिने लागतात. लहानांची घडतानाच घडते. ब्रिटनमध्ये महायुद्धात साखरेवर घातलेले नियंत्रण १९५३ च्या सप्टेंबरपर्यंत चालू होते. ते उठताच तेथील माणशी साखर जवळजवळ दुप्पट झाली. नियंत्रण उठण्याच्या आधी आणि नंतर जन्मलेल्या लोकांची तुलना करणारा अभ्यास २०२४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गर्भावस्थेपासूनचे पहिले सुमारे एक हजार दिवस ज्यांचे कमी साखरेत गेले, त्यांना पुढील आयुष्यात मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचे सुमारे २० टक्क्यांनी कमी आढळले. त्या मुलांवर कोणी संयमाचे संस्कार केले नव्हते. साखर मिळत नव्हती, एवढेच.

आपल्याकडे नवजात बालकाला मध चाटविण्याची चाल अनेक घरांत आहे. ती सोडावी, आणि तीही साखरेच्या कारणाने नव्हे: मधात क्वचित असे जंतुबीज असते की त्याने एक वर्षाच्या आतील मुलाला घातक विषबाधा होऊ शकते. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू होते तेव्हा नाचणीचे सत्त्व, मऊ वरणभात, कुस्करलेले केळे, शिजवून घोटलेला तांबडा भोपळा द्यावा. त्यांत साखर नाही म्हणून मूल तक्रार करीत नाही. तक्रार करते ती बहुधा शेजारी बसलेली आजी, कारण तिने ते आधी स्वतः चाखून पाहिलेले असते.