पोळी बंद करण्याआधी रक्त तपासा

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा ओघ तसाच ठेवलाय.)

कुणी लोकलमध्ये हेडफोन लावून उभं असेल, कुणी बाळाला मांडीवर झोपवून एका हाताने मोबाइल धरला असेल. सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय आहे लहान मुलांच्या फूड अ‍ॅलर्जी आणि सिलिअ‍ॅक नावाचा आजार. ज्यांना मुलं नाहीत त्यांनीही ऐका, कारण भाचा-पुतण्या असतोच, आणि फॅमिली ग्रुपवर सल्ले देणारे आपणच असतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे इथे कुणाच्या मुलाचं निदान होणार नाही. पण डॉक्टरांकडे जाण्याआधी घरात आपण काय करतो, त्यावर पुढचं बरंच काही ठरतं. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

समजा, घरात अडीच वर्षांची मुलगी आहे. पोट फुगलेलं, हातपाय काडीसारखे. शी पातळ, चिकट, घाण वासाची. खाते, पण खाल्लेलं अंगी लागत नाही. एक म्हणतं दात येतायत, दुसरं म्हणतं जंत झालेत, तिसरं म्हणतं दृष्ट काढा. मग कुणीतरी एक रील पाठवतं, ‘ग्लूटेन बंद करा, आठ दिवसांत फरक बघा.’ आणि त्या रात्रीपासून पोळी बंद.

इथेच थांबा. सिलिअ‍ॅकची शंका असेल, तर तपासणी होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. आणि खाल्ल्या खाल्ल्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, तर तो पदार्थ त्या क्षणी बंद करायचा. दोन आजार आणि दोघांचं पहिलं पाऊल एकदम उलटं. हा गोंधळ झाला की एकीकडे जीवावर बेततं आणि दुसरीकडे वर्षानुवर्षं निदानच होत नाही.

आता फरक समजून घेऊ. अ‍ॅलर्जीत आपली प्रतिकारशक्ती दूध, अंडं, शेंगदाणा, काजू, कोळंबी किंवा गहू यातल्या एखाद्या गोष्टीला शत्रू समजून लगेच हल्ला करते. ‘लगेच’ म्हणजे बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत. गांधी, खाज, सूज, उलटी, श्वासात शिट्टीसारखा आवाज.

सिलिअ‍ॅक ही अ‍ॅलर्जी नाही. गहू, सातू म्हणजे जव, आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. सिलिअ‍ॅकमध्ये ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करतं. आतड्याच्या आत मखमलीच्या लवेसारखे बारीक उंचवटे असतात, अन्न शोषून घेण्याचं काम त्यांचं. ते हळूहळू सपाट होतात. पोळी खाल्ली आणि दहा मिनिटांत काही झालं, असं इथे होत नाही. महिनोन्‌महिने आतून झीज चालू राहते.

तिसरा प्रकार म्हणजे लॅक्टोज न पचणं. दुधातली साखर पचत नाही, गॅस आणि जुलाब होतात. त्रास होतो, पण जीवाला धोका नसतो. मोठ्या जुलाबानंतर हे काही दिवस तात्पुरतं होऊ शकतं. आणि सिलिअ‍ॅकने आतडं खराब झालं असेल तरी होतं, म्हणून कधी कधी सगळा आळ दुधावर येतो आणि खरा दोषी गहू सुटतो.

गव्हाचा हा संबंध कळला कसा, तेही सांगण्यासारखं आहे. नेदरलँड्समध्ये विलेम-कारेल डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. काही मुलांना गव्हाने त्रास होतो, असा संशय त्यांना १९३० च्या दशकापासूनच होता. मग दुसरं महायुद्ध आलं. १९४४-४५ चा हिवाळा तिथे भुकेचा हिवाळा म्हणून ओळखला जातो, कारण पाव मिळेनासा झाला होता. लोक उपाशी, आणि ही आजारी मुलं मात्र त्या काळात सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिकेंनी आहार बदलून, मोजमाप करून हे तपासलं आणि १९५० मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. आजही उपचार तोच आहे, ग्लूटेन पूर्ण बंद. या आजारावर गोळी नाही.

मग आपण नेमकी शंका कधी घ्यायची? पोट फुगणं आणि जुलाब ही पुस्तकातली लक्षणं झाली. पण काही मुलांना उलट बद्धकोष्ठता असते. काहींचं पोट ठीक असतं, फक्त उंची वाढत नाही. काहींचं हिमोग्लोबिन लोहाचं औषध महिनोन्‌महिने देऊनही वर येत नाही. मूल सतत चिडचिडं, दमलेलं दिसतं. लसीकरणाच्या कार्डावर वजन-उंचीचा आलेख असतो ना, तो भरून घेत चला. वर जाणारी रेघ आडवी झाली, तर शेजारच्या मुलाशी तुलना करण्यापेक्षा तो कागद डॉक्टरांना दाखवणं कधीही चांगलं. सख्ख्या भावंडाला किंवा आईवडिलांपैकी कुणाला सिलिअ‍ॅक असेल, किंवा मुलाला टाइप वन डायबिटीस असेल, तर लक्षणं नसतानाही तपासणीबद्दल विचारा.

पहिली तपासणी साधी आहे, रक्ताची. नाव टीटीजी-आयजीए. त्याच्याबरोबर टोटल आयजीएही करतात, कारण काही मुलांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं आणि मग आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. चिठ्ठीवर दुसरं नाव नसेल तर विचारायला लाजू नका. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर लहान मुलांचे पोटविकारतज्ज्ञ एंडोस्कोपी करून आतड्याचा बारीक तुकडा तपासायला घेतात. आकडा नॉर्मलच्या दहापट किंवा त्याहून जास्त असेल, तर दुसऱ्या नमुन्यावर आणखी एक रक्ततपासणी करून, एंडोस्कोपीशिवायही निदान करता येतं, असं युरोपातल्या बाल-पोटविकारतज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तो निर्णय तज्ज्ञांचा.

आता गहू आधी बंद का करायचा नाही? ही तपासणी शोधते काय, तर ग्लूटेनविरुद्ध पेटलेल्या लढाईच्या खुणा. ग्लूटेनच बंद केलं तर लढाई शमते, खुणा पुसल्या जातात, आतडं भरून यायला लागतं. मूल बरं दिसतं, रिपोर्ट स्वच्छ येतो, आणि आपल्याला काहीच कळत नाही. मग पुन्हा गहू सुरू करून वाट बघावी लागते. ब्रिटनमधल्या सूचनांनुसार तपासणीआधी किमान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लूटेन असावं लागतं. आत्ता कुठे बरं वाटायला लागलेल्या लेकराला पुन्हा सहा आठवडे त्रास देणं आईबापाला किती जड जातं, विचार करा. तुम्ही आधीच बंद केलं असेल तर घाबरू नका, पण डॉक्टरांना तारखेसकट सांगा. लपवू नका.

कुणी म्हणेल, ‘बरं वाटतंय ना, मग नाव कशाला हवं?’ हवं. कारण सिलिअ‍ॅक असेल तर पथ्य आयुष्यभराचं आणि काटेकोर. ‘सणाला चालतं, एका घासाने काय होतंय’ असं नाही. आणि नसेल, तर चार वर्षांच्या मुलाची पोळी, केक, पाव उगीच का हिरावून घ्यायचा? शिवाय खरा आजार दुसराच असेल तर तो तसाच राहतो.

आकड्यांचं म्हणाल, तर दिल्ली परिसरातल्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण ९६ जणांमागे एकाला सिलिअ‍ॅक आढळला. भात खाणाऱ्या दक्षिणेत प्रमाण खूप कमी दिसतं. महाराष्ट्राच्या ताटात दोन्ही आहे, पोळीही आणि भाकरी-भातही.

म्हणून निदान झालंच, तर आपलं स्वयंपाकघर आपल्याला साथ देतं. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका यांत ग्लूटेन नाही. भाकरी, घावन, आंबोळी, पोहे, इडली, उकडीचे मोदक सगळं चालतं. उपवासाचं तर जवळजवळ सगळंच चालतं. साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा. महागडी ग्लूटेन-फ्री पाकिटं आणल्याशिवाय मूल वाढणार नाही, असं अजिबात नाही.

पण फसायच्या जागाही आपल्याच घरात आहेत. खपली गहू ‘पचायला हलका’ म्हणून देतात, पण तो गहूच आहे. रवा, मैदा, शेवया, दलिया, कुरडया सगळं गव्हाचं. थालीपिठाच्या भाजणीत आणि मेतकुटात गहू असतो. नाचणीची बिस्किटं म्हणून जे मिळतं, त्यात पुष्कळदा मैदाच जास्त. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरं वाचा, पावडर हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आणि सगळ्यात मोठी जागा म्हणजे पिठाची गिरणी! आधीच्या गिऱ्हाईकाचा गहू दळून झाला की त्याच जात्यावर तुमची ज्वारी. आपल्याकडच्या नियमानुसार ग्लूटेन-फ्री म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको. गिरणीत उरलेली मूठभर कणीक या हिशेबात किती होते, बघा. उपाय म्हणजे घरघंटी, आणि तीही गहू न दळणारी. नाहीतर धान्य निवडून, धुऊन, वाळवून घरीच मिक्सरवर. लाटणं-पोळपाट, तवा, तळणीचं तेल वेगळं ठेवा.

आता अ‍ॅलर्जीकडे वळू, कारण तिथे वेळ मिनिटांत मोजायची असते. खाल्ल्यावर मुलाला श्वास घ्यायला त्रास झाला, आवाज बसला, ते एकदम मलूल पडलं, किंवा अंगावर गांधी आणि त्याबरोबर सारख्या उलट्या असं दोन्ही झालं, तर घरगुती उपाय करत बसू नका. सरळ जवळचं हॉस्पिटल, किंवा १०८ ला फोन. त्या वेळी खरं औषध म्हणजे मांडीत दिलं जाणारं अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन. अ‍ॅलर्जीचं सिरप खाज कमी करतं, पण बंद होत चाललेला श्वास उघडत नाही. एकदा असं झालं असेल तर ‘पुन्हा झालं तर काय करायचं’ हे डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि शाळेत, पाळणाघरात, आजीकडे एकेक प्रत द्या.

दुसरीकडे, भीतीपोटी सगळंच टाळणंही बरोबर नाही. लंडनमध्ये ६४० बाळांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ही बाळं होती. त्यातल्या ज्यांना लहानपणापासून नियमित शेंगदाणा दिला, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी साधारण ८० टक्क्यांनी कमी निघाली. अशा बाळाला सुरुवात मात्र डॉक्टरांना विचारूनच करा. आणि अख्खा दाणा कुठल्याच बाळाला नको, घशात अडकतो. एकदम बारीक कूट, पातळ करून.

आणखी एक. शंभर-दोनशे पदार्थांची ‘आयजीजी’ तपासणी करून देणाऱ्या जाहिराती फोनवर येतात. त्या रिपोर्टात दूध, अंडं, तूर, टोमॅटो, भलतीच यादी लाल अक्षरांत येते. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे बहुतेक वेळा तो पदार्थ आपण खातो, एवढंच. अशा यादीवरून मुलाचं ताट अर्धं करू नका. त्यापेक्षा आठवडाभर वहीत लिहा, काय खाल्लं, किती वाजता, नंतर काय झालं, किती वेळाने. गांधी उठल्या तर फोटो काढा. डॉक्टरांना ही वही त्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

शेवटी घरातल्या माणसांबद्दल. पथ्य बहुतेक वेळा प्रेमापोटी मोडतं. आजीला वाटतं, सून लेकराला उपाशी ठेवतेय. तिला रिपोर्ट वाचून दाखवून फारसा उपयोग नाही. तिला कामात घ्या. ‘आई, हिला गहू चालत नाही, पण तुमच्या हातची तांदळाची भाकरी ती आवडीने खाते. तेवढं तुम्ही बघाल का?’ ज्या बाईने आयुष्यभर भाकऱ्या थापल्या, तिच्याएवढी जाणकार तुम्हाला दुसरी कुठे मिळणार? आणि बाबा लोकांनो, डबा, लेबलं, गिरणी ही फक्त आईची ड्यूटी नाही. दर सणाला सगळ्या नातेवाइकांना समजावणारी एकटीच असेल तर ती थकते, आणि थकलेल्या माणसाकडूनच पथ्य सुटतं.

मुलाशी बोलताना ‘तू आजारी आहेस’ यापेक्षा ‘हे तुझ्या पोटाला आवडत नाही’ हे त्याला लवकर कळतं. चार वर्षांचं मूल ‘यात गहू आहे का?’ हे विचारायला शिकतं. वाढदिवसाला जाताना त्याच्या डब्यात त्याचा नाचणीचा लाडू द्या, म्हणजे केक कापताना त्याच्याही हातात काहीतरी गोड असेल.

तर एवढं लक्षात ठेवा. झटक्यात झालं तर पदार्थ लगेच बंद आणि डॉक्टरकडे. हळूहळू खंगत असेल तर डॉक्टरकडे, रक्ततपासणी, आणि तोपर्यंत पोळी चालू. आज रात्री कुणी पोळी बंद करायच्या विचारात असेल, तर हा भाग त्यांना आत्ताच पाठवा. तुमचे अनुभव आणि प्रश्न व्हॉइस नोटने कळवा. काळजी घ्या, भेटू पुढच्या भागात.