चुनखडी आणि भूल
(वसंत व्याख्यानमालेत येरमाळा येथे दिलेले व्याख्यान)



चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत येडेश्वरी देवीच्या पालखीमागोमाग चुन्याच्या रानात जाऊन चुनखडीचे खडे वेचलेली माणसे या मांडवात बहुसंख्य असतील. म्हणून माझ्या शस्त्रक्रियागृहातील विषयाचा आरंभ मी त्या रानापासूनच करतो. भूल देताना वायू कमीत कमी कसा खर्ची पडावा, या प्रश्नाची वाट चुन्यावरूनच जाते.

चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातील कार्बन डायऑक्साइड, ज्याला जुन्या क्रमिक पुस्तकांत कर्बाम्ल वायू म्हणत, तो निघून जातो व चुनकळी उरते. कळीवर पाणी घातले की ती फसफसते, तापते आणि विरते. आणि हा विरलेला चुना भिंतीला लागला म्हणजे हवेतील तोच वायू हळूहळू शोषून पुन्हा चुनखडी होतो. शाळेत चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घालून ती दुधाळ झालेली ज्यांनी पाहिली, त्यांनी भूलयंत्राचे निम्मे रहस्य तेव्हाच पाहिले.

आता उरलेले निम्मे. निजलेल्या प्रौढ माणसाच्या देहाला मिनिटाला सुमारे पाव लिटर प्राणवायू लागतो. भूल आणणारी वाफ मात्र देह जाळून टाकीत नाही. ती रक्तावाटे मेंदूपर्यंत जाते, त्याला निजवते आणि बव्हंशी जशीच्या तशी उच्छ्वासातून परत येते. लंडनच्या जॉन स्नो यांनी १८५०-५१ च्या सुमारास दाहक पोटॅशने उच्छ्वासातील कर्बाम्ल वायू काढून घेतला व उरलेली वाफ पुन्हा श्वासात घेतली, तेव्हा गुंगी लांबत गेली. इतकी स्वच्छ सूचना मिळूनही वैद्यकाने तिची फारशी दखल सत्तर वर्षे घेतली नाही.

त्या मधल्या काळात आपला हा मुलूख ज्यांच्या अमलाखाली होता, त्या निजामसरकारच्या खजिन्यातून १८८८ व १८८९ साली हैदराबादेस क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधाच्या चौकशीसाठी दोन आयोग बसले. रेसिडेन्सी सर्जन एडवर्ड लॉरी त्यांचे सूत्रधार होते. दुसऱ्या वेळी लंडनहून लॉडर ब्रंटन आले. आणि तेथेच भूल देण्याचे काम करणाऱ्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी यांची गणना आज जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत होते. श्वासावर नजर ठेवा, हा आयोगाचा उपदेश योग्य होता. हृदयाची चिंता नको, हा त्याचा निष्कर्ष पुढे चुकीचा ठरला. रुमालावर क्लोरोफॉर्म ठिबकवण्याच्या त्या काळी अर्धी वाफ रुग्णाला आणि अर्धी खोलीतल्या सगळ्यांना मिळे. काटकसरीचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

तो उद्भवला अमेरिकेत, राल्फ वॉटर्स यांच्या हातून. १९२३ च्या सुमारास त्यांनी चुन्याच्या दाण्यांनी भरलेला डबा रुग्णाच्या तोंडाशी जोडला. १९३० साली ब्रायन स्वोर्ड यांनी त्याचे नळ्यांचे वर्तुळाकार मंडल केले, तीच आजच्या यंत्राची जननी. त्या डब्यात असते ते सोडालाइम: बहुतांश विरलेला चुना, थोडा दाहक सोडा, सुमारे पंधरा टक्के पाणी. दाणे मुगाएवढे, पांढरेशुभ्र. शोषणशक्ती संपत आली म्हणजे त्यांतील रंगद्रव्याने जांभळे होतात. काम चालू असताना डब्याला हात लावावा, तो गरम लागतो. आत आपल्या रानातील चुनखडीच तयार होत असते.

उच्छ्वास असा धुऊन परत घेता येत असताना मिनिटाला सहा लिटर वायू सोडून त्यातील बराचसा बाहेर फेकण्याची सवय आपल्याकडे अजून गेलेली नाही. आम्हा भूलतज्ज्ञांतला एक ढोबळ हिशेब आहे: प्रवाहाचे लिटर गुणिले वाफेचे टक्के गुणिले तीन, म्हणजे तासाला खर्ची पडलेले औषध मिलिलिटरांत. सेव्होफ्लुरेन हे भुलीचे औषध दोन टक्के, सहा लिटरांवर चालवले तर तासाला छत्तीस. एका लिटरवर आणले तर सहा. सात घनमीटरांचा मोठा प्राणवायू-सिलिंडर सहा लिटरांनी एकोणीस तास पुरतो, एका लिटरने सुमारे एकशेसोळा. २०२१ च्या एप्रिलात सिलिंडरसाठी झालेली धावपळ ज्यांना आठवते, त्यांना या आकड्यांची किंमत सांगायला नको. शिवाय बाहेर फेकलेली वाफ नाहीशी होत नाही. डेस्फ्लुरेन ही भुलीची दुसरी वाफ शंभर वर्षांच्या मुदतीत, वजनास वजन, कर्बाम्ल वायूच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता धरून ठेवते. स्कॉटलंडने तिचा सरसकट वापर २०२३ साली बंद केला तो याच सबबीवर.

मग सगळेच असे का करीत नाहीत? कारण प्रवाह कमी केला की यंत्राच्या तबकडीवरचा वाफेचा आकडा आणि रुग्णाच्या श्वासातला आकडा यांत फारकत होते. पहिली दहाएक मिनिटे पूर्ण प्रवाहाने मंडल भरून घ्यावे लागते; नंतर केलेला बदल रुग्णापर्यंत रेंगाळत पोहोचतो; आणि सोबत नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू असेल तर देह प्राणवायू तेवढा खातो, दुसरा तसाच साचत जातो व प्राणवायूचे प्रमाण नकळत घसरते. म्हणून श्वासातील प्राणवायू, कर्बाम्ल वायू आणि वाफ मोजणारी यंत्रे जेथे नाहीत, तेथे या काटकसरीच्या मोहात कोणी पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे मत मला फुकट मिळालेले नाही. एका लहानशा रुग्णालयात सकाळी डबा पाहिला तो दाणे मोगऱ्यासारखे पांढरे. आदल्या दिवशी जांभळे झालेले दाणे रात्रभराच्या विश्रांतीने पुन्हा पांढरे दिसू शकतात, हे पुस्तकात वाचलेले त्या घडीला आठवले नाही. शस्त्रक्रियेस अर्धा तास झाला असेल; प्रत्येक श्वासानंतर शून्यावर उतरणारी पडद्यावरची कर्बाम्ल वायूची रेषा शून्याच्या वरच थांबू लागली. रुग्ण आपलाच उच्छ्वास पुन्हा घेत होता. डब्याला हात लावला, तो गार. प्रवाह तत्काळ सहा लिटरांवर नेला, दोन-चार मिनिटांत रेषा खाली आली, आणि ती शस्त्रक्रिया तशीच उधळपट्टीने पुरी केली. पुढचा रुग्ण येण्यापूर्वी जुने दाणे ओतून नवे भरले. दहा मिनिटांनी डबा हाताला कोमट लागला, तेव्हा प्रवाह पुन्हा एका लिटरवर आणला.