दुहेरीचा जोडीदार

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. सारी हयात प्राथमिक शाळेत पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेली. अशा माणसाने टेनिसविषयी बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु विषय आपल्या विद्यार्थी साहाय्य निधीशी निगडित आहे, म्हणून तो याच व्यासपीठावरून मांडणे मला उचित वाटते.

सन 2024 च्या जून महिन्यात निधीच्या समितीपुढे एक अर्ज आला. वडील चाकणच्या एका कारखान्यात फिटर. मुलगा टेनिसमधील दुहेरी खेळतो. परगावच्या स्पर्धांसाठी त्याला प्रवासखर्च हवा होता, आणि तोही दोघांचा. जोडीदार आपल्या ज्ञातीचा नाही. समितीत आम्ही पाच जण. दोघे अनुकूल, दोघे प्रतिकूल. निर्णय माझ्या मतावर आला आणि मी नकार दिला. "एकेरी ज्यांना जमत नाही ते दुहेरी खेळतात, त्यातून दुसऱ्याच्या मुलाच्या तिकिटाचा भार निधीवर कशाला?" असे मी म्हणालो. ते वाक्य इतिवृत्तात नोंदलेले आहे. मी हा खेळ कधी पाहिलेला नव्हता, हे मात्र त्यात नाही.

वडिलांनी राग धरला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये एका सुटीच्या दिवशी ते मोटारसायकल घेऊन माझ्या दारी आले आणि म्हणाले, "गुरुजी, एकदा डोळ्यांनी पाहा." वाकडहून मुळा ओलांडली की म्हाळुंगे-बालेवाडीचे श्रीशिवछत्रपती क्रीडासंकुल येते. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धा येथेच झाल्या होत्या. आम्ही गेलो तेव्हा तेथे महा ओपन ही चॅलेंजर स्पर्धा चालू होती. विम्बल्डनसारख्या स्पर्धा म्हणजे या व्यवसायाचा वरचा मजला; चॅलेंजर हा त्याच्या खालचा. त्या वर्षी येथे जिंकणाऱ्यास 100 गुण मिळत होते. असे गुण साठवीत वर चढायचे.

दुहेरीच्या सामन्याला प्रेक्षक थोडेच होते. खेळाडू आपापल्या पिशव्या स्वतःच वाहून आणीत होते. एकेरीचे मैदान 27 फूट रुंद; दुहेरीत दोन्ही अंगांना साडेचार साडेचार फुटांच्या पट्ट्या जोडून ते 36 फूट होते. इतकी रुंदी एकट्याने राखणे अशक्यच. एक जण सर्व्हिस करतो तेव्हा दुसरा जाळ्यापाशी वाकून उभा असतो आणि पाठीमागे हात नेऊन बोटांनी खूण करतो: मी जागा सोडीन, किंवा सोडणार नाही. सर्व्हिस करणाऱ्याने ती खूण पाहायची आणि त्याप्रमाणे चेंडू टाकायचा. जाळ्याजवळचा मागे वळून पाहत नाही. हे मी प्रथम पाहिले तेव्हा चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

दुसरी गोष्ट नियमाची. 40-40 झाल्यावर येथे पुढचा एकच गुण त्या गेमचा निकाल लावतो, आणि तो परतविण्यास दोघांपैकी कोणी उभे राहावे, हे परतविणारी जोडी ठरविते. माझ्यासमोर एका उंच खेळाडूने, ज्याचे फटके दिवसभर जोरकस लागत होते, आपल्या ठेंगण्या जोडीदाराकडे रॅकेटने खूण केली: तू. ठेंगण्याचा चेंडू जाळ्यात गेला. उंच गृहस्थ त्याच्या हातावर हात आपटून पुढच्या जागेकडे चालू लागला. चेहऱ्यावर आठी नाही. मी बत्तीस वर्षे वर्गात गट पाडून मुलांना कामे दिली. चूक झाली की पहिले बोट शेजाऱ्याकडेच जात असे. मोठ्यांच्या सभांतही, आपली सभा धरून, मी तेच पाहत आलो आहे. असो.

त्या वर्षी दुहेरीचे विजेतेपद जीवन नेदुंचेळियन आणि विजय सुंदर प्रशांत या आपल्या देशाच्या जोडीने, अंतिम सामन्यात पहिला सेट गमावूनही, ऑस्ट्रेलियाच्या बेलडन आणि रोमिओस यांच्याविरुद्ध मिळविले. याच बालेवाडीत 2014 मध्ये साकेत मायनेनी आणि सनम सिंग, तर 2016 मध्ये मुंबईचा पूरव राजा आणि दिविज शरण हे चॅलेंजरची दुहेरी जिंकले होते. तोच शरण 2019 मध्ये रोहन बोपण्णाबरोबर, तेव्हा येथे भरत असलेल्या वरच्या दर्जाच्या महाराष्ट्र ओपनमध्ये विजयी झाला. आणि बोपण्णा जानेवारी 2024 मध्ये, वयाच्या 43 व्या वर्षी, मॅथ्यू एब्डेन या ऑस्ट्रेलियन जोडीदारासह ऑस्ट्रेलियन ओपन जिंकून दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचला. कोडगूचा एक आणि सातासमुद्रापलीकडचा एक! एकेरी न जमणाऱ्यांचा खेळ म्हणणाऱ्या मला हे ठाऊक नव्हते.

प्रतिकूल सभासदांचा पैशाविषयीचा आक्षेप मात्र मी हसण्यावारी नेत नाही. दुहेरीचे बक्षीस एकेरीपेक्षा कमी, आणि तेही दोघांत वाटायचे. विमान, मुक्काम, रॅकेटच्या तारा यांचा खर्च भागविणे या पायरीवरच्या अनेकांना जड जाते. हा मुलगा अजून या पायरीच्याही खाली आहे. तो वर चढेलच, असे मी कोणालाही आश्वासन देणार नाही. आपण अभियांत्रिकीला शिष्यवृत्ती देतो तेव्हाही असे आश्वासन कोणाकडून घेत नाही, एवढेच.

परतताना वडील वाकडच्या पुलावर म्हणाले की, गेल्या खेपेस नकारपत्र आल्यावर त्यांनी मुलाला एकट्याचाच अर्ज करावयास सुचविले होते. मुलाने विचारले, "मग तिकडे जाऊन मी खेळू कोणाबरोबर?" मला उत्तर सुचले नाही. आजही सुचत नाही.

तो अर्ज यंदा पुन्हा आला आहे. मागणी दोघांच्या खर्चाचीच आहे. निधीच्या नियमांत "ज्ञातीतील विद्यार्थी" असे शब्द आहेत. त्यापुढे "आणि सांघिक खेळात त्याचा जोडीदार" इतके शब्द घालावेत, असा ठराव मी माझ्या सहीने चिटणिसांकडे दिला आहे. त्याखाली अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे. कागद व्यासपीठाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर ठेवला आहे. पेनही तेथेच आहे.