चाक हाच अर्धा ब्रेक



डेहराडूनच्या आमच्या रविवारच्या सायकल गटात एक तरुण इंजिनिअर आहे. मूळचा इंदूरचा, मराठी घरातला. त्याची रोड बाईक साधारण 2010 सालची, रिम ब्रेकची, मागे 10 गिअरची कॅसेट. परवा चहाच्या टपरीवर त्याने विचारलं, "काका, रेससाठी चाकं घ्यायची आहेत. 50 मिलिमीटर खोलीची कार्बनची बघून ठेवलीत, सेकंडहँड. घेऊ का?"

मी बाही वर करून त्याला डावा कोपर दाखवला. त्या कोपराची गोष्ट आधी सांगतो, मग चाकांकडे वळू.

सात वर्षांपूर्वीचा मे महिना. मीही अशीच खोल कार्बनची चाकं जुनी म्हणून स्वस्तात घेतली होती. मसुरीहून उतरताना पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागलेली. पुढे जायला जागा नाही, त्यामुळे मी ब्रेक सतत दाबूनच उतरत होतो. भट्टा गावाच्या खाली जळका वास आला. गाड्यांचे क्लच असतील म्हणून मी सोडून दिलं. मग ब्रेकच्या लिव्हरमध्ये धडधड जाणवू लागली आणि पुढच्याच वळणावर गोळी सुटल्यासारखा आवाज झाला. मागचं टायर फुटलं होतं. मी कठड्याला घासत थांबलो, कोपर सोलून निघाला. उठून पाहिलं तर मागच्या रिमची कड बाहेर फुगलेली. पुढचं चाक असतं, तर आज हे भाषण दुसऱ्या कुणीतरी दिलं असतं.

चूक चाकं बनवणाऱ्याची होती असं मी म्हणणार नाही. ती चाकं ज्या कामासाठी होती, ते माझं काम नव्हतं.

हिशोब सोपा आहे. मी आणि सायकल मिळून 85 किलो. मसुरी ते डेहराडून उंचीतला फरक साधारण 1300 मीटर. 85 गुणिले 9.81 गुणिले 1300, म्हणजे जवळपास 11 लाख ज्यूल ऊर्जा. एवढ्या ऊर्जेत साडेतीन लिटर साधं पाणी उकळीला येतं. मोकळ्या रस्त्यावर वेगात उतरलात तर यातला मोठा भाग हवा खाते. गाड्यांच्या मागे रांगत उतरलात तर बहुतेक सगळी उष्णता दोन रिम आणि चार ब्रेक पॅड यांच्या वाट्याला येते.

डिस्क ब्रेकच्या सायकलीत ही उष्णता वेगळी चकती सोसते. आपल्या जुन्या सायकलीत मात्र रिम हीच चकती. म्हणून नवं चाक घेताना तुम्ही नवा अर्धा ब्रेक घेत असता. पहिला प्रश्न "किती पळेल?" हा नसून "कसं थांबेल?" हा आहे.

अॅल्युमिनियम उष्णता चटकन पसरवतं आणि हवेत सोडतं. कार्बनच्या रिममध्ये ती ब्रेक घासतो त्या पट्टीतच साचते. कार्बनचे धागे टिकतात, पण त्यांना बांधून ठेवणारं रेझिन ठराविक तापमानाला मऊ पडतं. आत टायरचा दाब असतोच, तो रिमची भिंत बाहेर ढकलतो. अलीकडच्या चांगल्या कार्बन रिममध्ये जास्त तापमान सोसणारं रेझिन असतं. पण सेकंडहँड चाक किती उतार भोगून आलंय, हे बाहेरून कळत नाही. शिवाय पावसात कार्बनवर ब्रेक लागायला उशीर होतो.

आता निवडीकडे. फौजेत कुठलाही बेत आखताना सगळ्यात आधी उद्दिष्ट लिहायचं असतं, एका वाक्यात. चाकांचंही तसंच करा. तुमची रेस कुठली?

घाट चढायचा असेल, तर वजनाचं गणित मांडू. नवी चाकं जुन्यापेक्षा 400 ग्रॅमने हलकी आहेत असं धरा. एकूण 85 किलोत हा अर्ध्या टक्क्याहूनही कमी भाग. माझ्यासारखा म्हातारा 150 वॅट लावून मसुरी चढतो, त्याला दोन तास लागतात. त्यात वाचतं अर्धं मिनिट. फिरणारं वजन दुप्पट धरायचं असतं, असं कुणी सांगेल. ते वेग वाढवताना खरं आहे; एका लयीत चढताना वजन ते वजनच. रेसमध्ये अर्धं मिनिट थोडं नाही, हे मला मान्य आहे. फक्त किती पैशांत किती मिळतं, ते कळून घ्या.

सपाटीवरची, वेळेविरुद्धची रेस असेल आणि तुमचा वेग ताशी 35 किलोमीटरच्या वर राहत असेल, तर खोल रिमचा खरा फायदा आहे. तिथे ब्रेक फारसे लागत नाहीत, कार्बनही चालेल. तरी पुढचं चाक मागच्यापेक्षा कमी खोल ठेवा. बाजूचा वारा पुढच्या चाकाला धरतो आणि हँडल हातातून खेचतो.

उद्दिष्ट ठरलं की मोजपट्टी आणि व्हर्नियर काढा. चार मापं घ्यायची.

पहिलं, मागच्या फ्रेमची आतली रुंदी. 8 ते 11 गिअरच्या रिम ब्रेक सायकलींना 130 मिलिमीटर, त्याआधीच्या 6-7 गिअरच्या बऱ्याच सायकलींना 126. स्टीलची फ्रेम जाणकार कारागीर 130 पर्यंत उघडून देऊ शकतो. अॅल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीही करू नका.

दुसरं, कॅसेट जिथे बसते ती हबची बॉडी. शिमानोच्या 11 गिअरच्या रोड बॉडीवर तुमची 10 गिअरची कॅसेट बसते, 1.85 मिलिमीटरचा स्पेसर घालून. बऱ्याच 10 गिअरच्या कॅसेटना सोबत येणारा 1 मिलिमीटरचा स्पेसरही लागतो. उलट करायला गेलात, तर 11 ची रोड कॅसेट जुन्या बॉडीवर सहसा बसत नाही. काँपान्योलोच्या खाचा वेगळ्याच असतात, तिथे बॉडी तीच मागावी लागते.

तिसरं, रिमची बाहेरची रुंदी. जुन्या रिम 19-20 मिलिमीटरच्या, नव्या 25 आणि त्याहून रुंद. तुमचे ब्रेक तेवढे उघडतात का, आणि दाबल्यावर पॅड रिमवर सरळ टेकतात का, ते पाहा.

चौथं, टायरला जागा. रुंद रिमवर 25 चं टायर फुगून 27-28 होतं. फ्रेम, फोर्क आणि ब्रेकच्या कमानीखाली चहूबाजूंनी निदान 4 मिलिमीटर मोकळे हवेत. पावसात चिखल आणि खडी तिथूनच जाते.

आता माझं मत. ज्याच्या वाटेत घाट आहे, त्याने ब्रेकची पट्टी अॅल्युमिनियमची असलेलं चाक घ्यावं. काँपान्योलोचं झोंडा हे साधारण दीड किलोच्या जोडीचं चाक याचं चांगलं उदाहरण. शिमानोच्या ड्युरा-एस सी24 मध्ये वर कार्बनचा थर आणि ब्रेकला अॅल्युमिनियमची पट्टी, असा मधला मार्ग आहे. किंवा चांगले हब, साध्या वाकड्या डोक्याचे स्पोक आणि सुटी रिम घेऊन जाणत्या कारागिराकडून चाक बांधून घ्या.

या तिसऱ्या पर्यायाकडे माझा कल आहे. रेसच्या चाकात पुढे 16 आणि मागे 20-21 स्पोक असतात. एक तुटला की रिम इतकी डुलते की ब्रेकला घासते. मग ब्रेक सैल सोडून, जीव मुठीत धरून घरी यायचं. 28-32 स्पोकच्या चाकाचा आउट कुठलाही बरा सायकलवाला काढून देतो आणि स्पोकही मिळतो. सरळ, चपट्या, खास लांबीच्या स्पोकसाठी मात्र महिनाभर थांबावं लागू शकतं. तशी चाकं घेतलीत तर दोन-तीन जादा स्पोक त्याच दिवशी घेऊन ठेवा.

कार्बनच घ्यायचं ठरलं, तर तीन नियम पाळा. पॅड खास कार्बनचेच, आणि अॅल्युमिनियमवर वापरलेले पॅड कार्बनवर कधी नाही, कारण त्यात रुतलेले धातूचे कण रिम खरवडतात. लेटेक्स ट्यूब वापरायची नाही, ती उष्णतेने जाते. आणि उतारावर ब्रेक सतत चेपून ठेवायचे नाहीत. वळणाआधी जोरात, मग पूर्ण मोकळे. गर्दीत ते जमत नसेल तर बाजूला थांबा, रिम निवू द्या. मी थांबलो नाही.

पैसे कमी असतील तर चाकांआधी टायर बदला. जाड सरावाचं टायर काढून चांगलं मऊ रेसचं टायर चढवलंत, तर होणारा फायदा बहुतेक वेळा चाकांच्या फायद्याहून मोठा असतो. माझ्या 74 किलोला 25 च्या टायरमध्ये 80-85 पीएसआय हवा पुरते. दगडासारखं टायर फक्त हाताला वेगवान वाटतं.

आणि आज घरी गेल्यावर आहे ती रिम तपासा. पॅडने रिम झिजते. बऱ्याच रिमवर झीज दाखवणारी बारीक खाच किंवा खळगी असते. ती दिसेनाशी झाली की रिम संपली. खूण नसेल तर स्टीलची पट्टी उभी लावून बघा, मध्ये खोलगट दिसली तर ती रिम रेसला न्यायची नाही. झिजलेली भिंत टायरच्या दाबानेच फाटते.

लोक म्हणतात, जुनी सायकल विकून डिस्कची घ्या. जमत असेल तर जरूर घ्या. पण 2019 साली एगन बर्नाल टूर द फ्रान्स जिंकला तो रिम ब्रेकच्या सायकलवर. सायकल जुनी झाली म्हणजे हरली, असं होत नाही. खरी अडचण वेगळी आहे. रिम ब्रेकची चांगली चाकं आता कमी बनतात. तुम्ही आज घ्याल ती जोडी कदाचित त्या सायकलची शेवटची असेल. म्हणून ज्याची रिम झिजल्यावर बदलता येईल, असं चाक मला शहाणपणाचं वाटतं.

त्या मुलाने काय केलं? त्याने कागदावर उद्दिष्ट लिहिलं. मसुरीची चढण, आणि त्याच रस्त्याने परत. शेवटचे तीन शब्द लिहिल्यावर तो स्वतःच हसला. आता तो 28 स्पोकची अॅल्युमिनियमची चाकं बांधून घेतोय. वाचलेल्या पैशांतून टायर आणि नवे पॅड आणलेत.

रेस वर संपते, मंडळी. घर मात्र खाली असतं. जय हिंद.