क्ष-किरणचित्रांचा गणिती निरीक्षक

बहार उतरला की पांढुर्णा आणि सौंसर या तहसिलींत संत्र्यांचे ढीग पडतात आणि प्रतवारी करणारे हात कामाला लागतात. फळ हाती घ्यावयाचे, क्षणभर फिरवावयाचे, डाग दिसला तर बाजूस टाकावयाचे, एवढेच ते काम. परंतु कोणतीही दोन माणसे एकच ढीग सारखा निवडीत नाहीत. एकाची नजर मंद असते. दुसऱ्याची तीक्ष्ण असते, पण तो असा कडक की शंका येताच चांगले फळही फेकतो आणि बागाईतदाराचे नुकसान करतो. नजरेचा तीक्ष्णपणा आणि निवड करणाऱ्याचा कडकपणा, या दोन निरनिराळ्या गोष्टी होत.

वैद्यकाच्या ध्यानी हा भेद बराच उशिरा आला. राँटगेन यांनी क्ष-किरण शोधून काढले १८९५ साली. त्यानंतर अर्धे शतक चित्र अधिक स्पष्ट कसे निघेल याचाच विचार प्रामुख्याने होत राहिला. १९४७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, क्षयरोगाच्या तपासणीस फिल्मचा कोणता प्रकार उत्तम हे ठरविण्यासाठी सव्वा हजारांच्या घरातील माणसांच्या छातीची चित्रे चार पद्धतींनी काढून पाच तज्ज्ञांपुढे ठेवण्यात आली. फिल्म-फिल्ममधील फरक राहिला बाजूला. तज्ज्ञा-तज्ज्ञांतील फरक त्याहून मोठा निघाला. इतकेच नव्हे, तीच फिल्म काही काळाने पुन्हा दाखविली असता तोच तज्ज्ञ स्वतःशीही असहमत होऊ लागला! चित्र तपासावयाचे तर पाहणाराही तपासला पाहिजे, हा धडा तेथे मिळाला.

त्याच सुमारास आर.सी.ए. कंपनीतील शास्त्रज्ञ आल्बर्ट रोझ यांनी १९४८ साली असे मांडले की, चित्रातील गोंधळाच्या साधारण पाचपट खूण ठळक असेल तेव्हाच ती डोळ्यास खात्रीने दिसते. रडारच्या पडद्यावरील ठिपका विमानाचा की निव्वळ खरखरीचा, हे ठरविण्याचे गणितही तयार होत होते. डॉ. ली लस्टेड यांनी ते क्ष-किरणशास्त्रात आणले. या सर्वांतून पुढे ‘प्रतिरूप-निरीक्षक’ जन्मास आला. हा कोणी मनुष्य नव्हे, दिसणारे यंत्रही नव्हे. चित्र पाहून ‘गाठ आहे’ किंवा ‘गाठ नाही’ एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देणारी ती एक गणिती रीत आहे.

तिची कल्पना अवघड नाही. गाठ असलेल्या चित्रांचा एक ढीग आणि नसलेल्या चित्रांचा दुसरा घ्या. दोन ढिगांतील सरासरी फरक मोजावयाचा, परंतु तो फरक पार्श्वभूमीच्या स्वाभाविक चढउतारांच्या मापाने मोजावयाचा. स्वच्छ काचेवरील ठिपका चटकन दिसतो. तोच ठिपका चिटाच्या कापडावर हरवतो. अशा प्रकारचे अंतर मोजण्याचे सूत्र प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली मांडले, तेही माणसांच्या शरीरमापांवरून समाजासमाजांतील साम्य-भेद पाहताना. हॅरल्ड हॉटेलिंग यांचे तत्संबंधी गणित १९३१ सालचे. कलकत्त्यात मानववंशाभ्यासासाठी निघालेले माप आज रुग्णालयातील चित्रांची पारख करीत आहे, हा योगायोग मोठा सुखद आहे.

मात्र निव्वळ गणित मानवी डोळ्याहून फार चतुर ठरते. म्हणून १९८७ साली कायल मायर्स आणि हॅरिसन बॅरेट यांनी, डोळा जशी जाड-बारीक तपशिलांची निवड करतो तशा काही चाळण्या त्यास लावल्या. या चाळण्यांमुळे त्याचा निर्णय माणसाच्या निर्णयाजवळ येऊ लागला.

एवढा खटाटोप कशासाठी? सीटी स्कॅनमध्ये किरणांची मात्रा निम्म्यावर आणली तर यकृतातील लहानशी गाठ दिसेल काय, हे पाहण्यासाठी जिवंत माणसावर पुन्हा पुन्हा किरण सोडता येत नाहीत. प्लॅस्टिकच्या किंवा पाण्याने भरलेल्या कृत्रिम देहाची चित्रे काढून ती या निरीक्षकापुढे ठेवता येतात. अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्यातील संशोधकांनी २०१८ साली तर २,९८६ काल्पनिक रुग्ण संगणकातच घडवून, स्तनचित्रणाच्या दोन पद्धतींची तुलना गणिती निरीक्षकांकडूनच करविली. अलीकडे संगणकाला शिकवून चित्रातील खरखर पुसण्याची रीत निघाली आहे. अशी पुसलेली चित्रे मोठी देखणी दिसतात. पण खरखरीबरोबर फिकट गाठही पुसली जाते काय, हे देखणेपणावरून कळत नाही. ते या निरीक्षकास विचारावे लागते.

पांढुर्ण्याच्या आणि सौंसरच्या खेड्यांतील माणसास याचा संबंध खोकल्याच्या निमित्ताने येतो. महिनाभर खोकणाऱ्या मजुराच्या छातीचे चित्र पाहावयास तज्ज्ञ जवळ नसला, तर नागपूरची वाट धरावी लागते. एक दिवसाची मजुरी बुडते. अशा ठिकाणांसाठीच जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली, पंधरा वर्षे व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींच्या क्षयतपासणीत छातीचे चित्र संगणक-प्रणालीकडून वाचून घेण्यास मान्यता दिली. तेव्हा तपासलेल्या प्रणालींत मुंबईच्या क्यूअर.एआय या कंपनीचीही एक होती. अशी प्रणाली प्रतिरूप-निरीक्षकाहून वेगळी. एक रोग्याचे चित्र वाचते, दुसरा चित्रणाची रीत तपासतो. परंतु पारखण्याचे शास्त्र दोहोंचे एकच, आणि अडचणही एकच.

ती अडचण सौंसरमध्ये विशेष समजते. येथील नाव भूशास्त्रज्ञांनी मँगनीज असलेल्या एका खडकमालेस दिले आहे. खाणीतील वा दगडफोडीतील सिलिकायुक्त धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की फुप्फुसावर छाया उमटतात आणि त्या क्षयाच्या छायांशी घोटाळा करतात. जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचे व्रणही तसेच. ज्या निरीक्षकाने शहरातील धुळीविना फुप्फुसेच पाहिली, त्याचा ‘चिटाचे कापड’ वेगळे असल्याचा हिशेब चुकतो. मग तो एक तर निरोग्यास रोगी ठरवितो, नाही तर रोग्यास घरी पाठवितो. म्हणून कडकपणाचा उंबरठा स्थानिक चित्रांवरून ठरवावा, असे तज्ज्ञ सांगतात.

त्यासाठी हवी असतात ती याच दोन तहसिलींतील माणसांची चित्रे, आणि प्रत्येक चित्राशेजारी त्याच माणसाच्या थुंकीच्या तपासणीचा निकाल. गणिताला खरे उत्तर त्या थुंकीतूनच कळते.