वाट दाखवण्याचं मोल



ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं. वाघ पाहायला जिप्सींची रांग लागते. त्यांत आज काही बाया गाईड म्हणून बसतात, याचा मला आनंद आहे. पण भोवतालच्या जंगलात मोहफुलं वेचायला बाया पहाटे पायीच जातात, वाघाच्या हल्ल्यात जीवही गमावतात. जंगल त्यांना पाठ आहे, पण त्यांना गाईड कोणी म्हणत नाही.

गडचिरोलीत आलापल्लीचं जुनं सागवान, वडधमचे जीवाश्म, कमलापूरचे हत्ती पाहायला पाहुणे येतात. याच जिल्ह्यात मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. तो कायदा हाती घेऊन ग्रामसभेत आपणच विचारू या: पाहुण्यांना कुठे न्यायचं, कुठे नाही? आणि वाट दाखवण्याची मजुरी कोणाच्या हाती पडणार?